दिव्याचा वांटा

विजेच्या बिलाइतका निःपक्षपाती कागद घरांत दुसरा नसेल. वाण्याच्या यादीवरून घरांत कोणाची आवड चालते तें समजतें; औषधांच्या चिठ्ठ्यांवरून कोणाची प्रकृति नाजूक आहे तें समजतें; पण विजेचें बिल कोणाचेंच नांव घेत नाहीं. देवघरांतला मंद दिवा, नातवंडांच्या अभ्यासाचा दिवा, माजघरांतला पंखा आणि रात्रभर विझवायचा राहून गेलेला जिन्यांतला दिवा या सर्वांची बेरीज तें एकाच आंकड्यांत करतें. मीटर हा एकत्र कुटुंबांतील खरा कर्ता पुरुष. तो सर्वांचें मोजतो आणि कोणाचें वेगळें सांगत नाहीं.

एकत्र कुटुंबाची पुष्कळशी गोडी या न सांगण्यांतच सांठविलेली असते. कोणीं किती पोळ्या खाल्ल्या हें जेथें मोजूं लागतात, तेथें चूल एक असली तरी घर एक राहिलेलें नसतें. म्हणूनच गेल्या वर्षीं आमच्या घरीं विजेच्या बिलाचा वांटा करण्याची गोष्ट निघाली, तेव्हां सर्वांच्याच कपाळावर आठी उमटली. वांटणी हा शब्दच असा आहे कीं, तो दिव्याबद्दल उच्चारला तरी ऐकणाराला भिंत दिसूं लागते.

गोष्ट निघाली ती अशी. आमची सूनबाई म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची सून. ती वास्तुरचनाकार आहे. लग्नानंतर कांहीं वर्षें तिनें एका कचेरींत नोकरी केली. पुढें घरींच, पूर्वेकडच्या खोलींत, स्वतंत्र व्यवसाय मांडला. दोन मदतनीस आपापल्या घरून तिच्यासाठीं नकाशे काढतात आणि त्यांचें वेतन ती देते. संगणकावर नकाशे काढण्याच्या प्रणालींची वर्गणीही भारी असते. प्राप्तिकराच्या कायद्यांत अशा व्यावसायिकांसाठीं एक राजमार्ग ठेवलेला आहे. एकूण जमा ५० लाख रुपयांच्या आंत असेल, तर तिच्यापैकीं निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरावा आणि खर्चाच्या तपशिलांत शिरूं नये. रोखीची जमा शेंकडा ५ हून अधिक नसेल, तर हीच मर्यादा ७५ लाखांपर्यंत जाते. ज्यांचा खर्च थोडा, त्यांना हा मार्ग फारच सोयीचा. परंतु सूनबाईचा खरा खर्चच जमेच्या निम्म्याहून अधिक होतो. म्हणून तिला रीतसर वह्या ठेवाव्या लागतात आणि त्या सनदी लेखापालाकडून तपासूनही घ्याव्या लागतात. त्या वर्षीं लेखापालांनीं वह्या चाळतां चाळतां विचारलें, "आपण घरींच काम करतां ना? मग विजेचा खर्च कोठें दिसत नाहीं तो?" आणि तिनें उत्तर देण्यापूर्वींच दुसरा प्रश्न केला, "बिल भरतें कोण?"

बिल भरतात दादा. मीटर त्यांच्या नांवाचा, बिल त्यांच्या नांवाचें आणि पैसे त्यांच्या निवृत्तिवेतनांतले. लेखापालांनीं सांगितलें तें थोडक्यांत असें : जो खर्च तुम्हीं केलाच नाहीं, तो तुमच्या वहींत लिहितां येणार नाहीं. घरांतली वीज तुम्हीं व्यवसायासाठीं वापरली हें खरें. पण तिचें मोल सासऱ्यांनीं दिलें असेल, तर तो खर्च तुमचा नव्हे. वजावट हवी असेल तर आधीं वांटा भरा.

कायद्याची ही अट प्रथम ऐकतांना रुक्ष वाटते. पण ती समजून घेण्याजोगी आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ३७ व्या कलमानें व्यवसायाचा कोणताही खर्च वजा मिळण्यास मुख्यतः तीन कसोट्या लावल्या होत्या. तो खर्च भांडवली नसावा, तो खासगी नसावा, आणि तो सर्वस्वीं व केवळ व्यवसायासाठींच झालेला असावा. आतां घरांतली वीज सर्वस्वीं व्यवसायासाठीं कशी असेल? तीच तार, तोच मीटर. म्हणून बिलांतला जो भाग व्यवसायाचा म्हणून निराळा काढून दाखवितां येईल, तेवढाच भाग या कसोटीस उतरतो. राहतें घर आणि कामाची जागा एकच असेल तर काय करावें, हा प्रश्न कायद्याला नवा नाहीं. १९२२ च्या कायद्यांतही, राहत्या घराच्या एका भागांत धंदा चालत असल्यास भाड्याचा केवळ प्रमाणशीर अंश वजा द्यावा, अशी तरतूद होती. तीच १९६१ च्या कायद्याच्या ३८ व्या कलमांत अधिक विस्तारानें आली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा अमलांत आला, कलमांचे आंकडे बदलले, भाषा थोडी सुटसुटीत झाली. तत्त्व मात्र तेंच राहिलें. घर आणि धंदा एका छपराखालीं राहूं शकतात, पण एका ओळींत राहूं शकत नाहींत.

यांतून कांहीं चमत्कारिक भेद उत्पन्न होतात. माझा पुतण्या, म्हणजे सूनबाईचा नवरा, एका कंपनींत नोकर आहे आणि आठवड्यांतून दोन दिवस घरूनच काम करतो. दोघें नवराबायको लागूनच्या खोल्यांत बसतात, दोघांचे संगणक एकाच मीटरवर चालतात. पण पत्नीच्या दिव्याचा वांटा हिशेबांत बसतो. पतीच्या दिव्याचा बसत नाहीं. नोकरदाराला त्याच्या वेतनांतून एक ठराविक वजावट मिळते आणि तेथेंच त्याच्या खर्चाची कथा संपते. त्यानें घरीं किती वीज जाळली हें कायदा विचारीत नाहीं. पुतण्यानें ही गोष्ट थोडी मनाला लावून घेतली. "म्हणजे माझा दिवा नुसता दिवा, आणि तिचा दिवा खर्च!" असें तो म्हणाला. त्याला मीं एवढेंच सांगितलें कीं, महिनाअखेर तुझें वेतन न चुकतां येतें. तिचें काम आलें नाहीं तर तिच्या खोलींतला दिवा लागत नाहीं. जो जोखीम घेतो त्यालाच तिचा खर्च मांडण्याचा अधिकार असतो.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक, म्हणून वांटा किती हें ठरविण्याचें काम माझ्याकडे आलें. हिशेबाच्या सोयीसाठीं महिन्याचीं ३०० युनिटें आणि बिल ३००० रुपये धरलें. आतां वांटा काढावा कसा? पहिली रीत क्षेत्रफळाची. घर १००० चौरस फूट, खोली १२० चौरस फूट; म्हणजे शेंकडा १२ आणि वांटा ३६० रुपये. दुसरी रीत वापराची. संगणक व त्याचा पडदा मिळून २०० वॉट, पंखा ७०, दिवे ३०. एकूण ३०० वॉट. दिवसाचे आठ तास धरले तर २.४ युनिटें, आणि महिन्याचे कामाचे २५ दिवस धरले तर ६० युनिटें. म्हणजे शेंकडा २०, आणि वांटा ६०० रुपये. कायदा अमुकच रीत घ्या असें सांगत नाहीं. प्रमाण न्याय्य असावें, समजावून देतां यावें आणि दर वर्षीं सोयीप्रमाणें बदलूं नये, एवढीच त्याची अपेक्षा.

मीं असें सुचविलें कीं, ज्या कारणानें खर्च वाढतो त्याच कारणानें तो मोजावा. खोली मोठी असल्यानें वीज अधिक जळत नाहीं, यंत्र चालल्यानें जळते. म्हणून वीज वापरानें मोजावी. डागडुजीचा खर्च जागेमुळें होतो. तो क्षेत्रफळानें मोजावा. इंटरनेटची जोडणी सर्वांनाच लागते. ती तासांनीं मोजावी. स्वयंपाकाचा गॅस मुळींच मोजूं नये. ग्राहक आले म्हणजे चार कप चहा होतो, पण तेवढ्यासाठीं गॅसच्या टांकीला कचेरींत आणून बसवूं नये. शिवाय सायंकाळीं त्याच पूर्वेकडच्या खोलींत नात कथकाचा सराव करते. तेव्हांचा पंखा नातीचा. तो सूनबाईच्या वहींत जातां कामा नये. खोली जरी कामाची, तरी घटका घराची असते.

एक अडचण मात्र गणिताबाहेरची निघाली. विजेचा दर सरळ नसतो. तो पायरीपायरीनें चढतो. पहिलीं १०० युनिटें स्वस्त, त्यापुढें ३०० पर्यंत महाग, आणि त्यापुढचीं आणखी महाग. वैशाखांत वाताकुलित यंत्र लागलें कीं घराचा आंकडा ३०० ची पायरी ओलांडतो. पुतण्याचें म्हणणें असें पडलें कीं, व्यवसाय घरांत मागाहून आला, म्हणून वरच्या पायरीचीं महाग युनिटें व्यवसायाच्या माथीं मारावीं. हें ऐकायला ठीक वाटतें. शिवाय त्यांत वजावटही वाढते. पण मीटरमध्यें पंगत नसते. आधीं देव जेवले, मग पाहुणे, मग घरचीं माणसें, असा क्रम विजेला ठाऊक नाहीं. साऱ्यांचे प्रवाह एकाच वेळीं वाहतात. म्हणून पहिलें युनिट कोणाचें आणि शेवटचें कोणाचें हा वाद व्यर्थ आहे. एकूण बिलाला एकूण युनिटांनीं भागावें आणि जो सरासरी दर निघेल तो सर्वांना सारखा लावावा. एकत्र राहण्याचा लाभ सर्वांनीं घ्यावा आणि भार एकानेंच वाहावा, हें न घरांत शोभतें न हिशेबांत.

घरांत व्यवसाय चालतो म्हणून मीटरच व्यापारी दराचा होईल, अशी भीति वहिनींना कोणीं तरी घातली होती. तीही खरी नव्हती. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाच्या दरादेशांत वकील, डॉक्टर, अभियंते, सनदी लेखापाल यांसारख्यांनीं राहत्या घरीं आपला व्यवसाय केल्यास घरगुती दरच ठेवलेला आहे. इतर छोटे धंदे घराच्या एका भागांत चालत असतील, तर महिना ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटांपर्यंत त्यांनाही तो मिळतो. लोणचीं-पापड घालणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या कित्येक गृहिणींना ही सवलत ठाऊक नसते.

इतकी आंकडेमोड करून लाभ किती? महिना ६०० म्हणजे वर्षाचे ७२०० रुपये. कराचा दर शेंकडा २० धरला तर उपकरासह वांचणारी रक्कम दीड हजारांच्या आंतबाहेर. विलायतेंत असलेल्या आमच्या पुतणीनें हें ऐकलें तेव्हां ती हंसली. तिकडे स्वतंत्र व्यवसाय करणाराला २०१३ पासून ठोक दरानें मोकळें होतां येतें : महिन्यांत घरीं २५ ते ५० तास काम केलें तर १० पौंड, ५१ ते १०० तास केलें तर १८, आणि त्याहून अधिक केलें तर २६ पौंड. टेलिफोन आणि इंटरनेट तेवढें वेगळें मांडावयाचें. "काका, तुमचा वेळ मोजला तर तुम्ही तोट्यांत आहां," असें तिनें कळविलें. तिचें खरें आहे. पण हा व्यवहार दीड हजारांचा राहिलाच नव्हता.

कारण दादांना ही गोष्ट लागली होती. ते रागावले नाहींत. रागावते तर बरें झालें असतें. संध्याकाळीं झोपाळ्यावर बसून ते एवढेंच म्हणाले, "माझ्या घरांत सून मला दिव्याचे पैसे देणार! उद्यां पाण्याचे देईल, परवां खोलीचें भाडें देईल. मग सून कोण आणि भाडेकरू कोण?"

सूनबाई दारांतच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, घराच्या दिव्याचे पैसे मी देत नाहीं, आणि देणारही नाहीं. तो दिवा माझाच आहे. मी माझ्या कामाच्या दिव्याचे देतें आहें. तुम्हीं ते घेतले नाहींत, तर माझें काम तुमच्या निवृत्तिवेतनावर चालतें असा त्याचा अर्थ होतो. आणि पैसे न देतांच मीं ते वहींत लिहिले, तर तुमच्या नांवावर मी खोटें बोललें असा होतो. दोहोंपैकीं तुम्हांला कोणतें चालेल?"

दादा बराच वेळ बोलले नाहींत. मला त्या वेळीं विद्याधनाचा जुना वाद आठवला. मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें असें मानलें आहे कीं, कुटुंबाच्या द्रव्याला धक्का न लावतां मिळविलेलें विद्येचें धन मिळविणाराचें स्वतःचें. पण कुटुंबाच्या पैशानें शिकलेल्याचें काय? १९२१ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें एका सनदी अधिकाऱ्याची कमाई याच कारणावरून समाईक ठरविली. त्याच्या शिक्षणाला कुटुंबाचा पैसा लागला होता. जणूं ज्या दिव्याखालीं तो शिकला त्या दिव्याचें तेल जन्मभर त्याच्याकडे वसुलीला येत राहिलें. हा अन्याय दूर करण्यासाठीं मुकुंदराव जयकरांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत खटपट केली, आणि १९३० मध्यें हिंदूंच्या विद्याधनाचा कायदा झाला. शिक्षण कोणाच्याही खर्चानें होवो, त्या विद्येच्या बळावर मिळविलेलें धन शिकलेल्याचेंच, असें त्यानें स्पष्ट केलें.

तेव्हांच्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना हा कायदा कुटुंब मोडणारा वाटला असेल. वस्तुतः त्यानें कुटुंबावरचा एक जाच दूर केला. मुलाला शिकवितांना बापाच्या मनांत वसुलीची आशा राहिली नाहीं, म्हणून तें शिकविणें पुन्हां निर्मळ झालें. जें दिलें तें देणें ठरलें. कर्ज राहिलें नाहीं. सूनबाईच्या वांट्याचाही अर्थ मला तोच दिसला. व्यवसायाचें तेवढें वेगळें काढलें म्हणजे बाकीचा सारा उजेड निखळ घराचा राहतो. ज्याला कडा नाहीं त्या उपकाराचें ओझें होतें. कडा आंखून दिली कीं त्याची माया होते.

भाड्याचा प्रश्न मात्र आम्हीं उघडलाच नाहीं. खोलीचें खरें भाडें तिनें दिलें असतें, तर तिच्या वहींत तो खर्च धरला गेला असता आणि दादांच्या बाजूस तें उत्पन्न झालें असतें. एका खिशांतली वजावट दुसऱ्या खिशांत कर होऊन बसली असती. घर स्वतःच्या मालकीचें असतें तर तोही मार्ग नव्हता. आपणच मालक आणि आपणच भाडेकरू होऊन स्वतःला भाडें देतां येत नाहीं. पण या कारणांहून मोठें कारण निराळें होतें. जेथें मोजल्यानें नातें स्वच्छ होतें तेथें मोजावें, जेथें मोजल्यानें नातें लहान होतें तेथें मोजूं नये. ही रेषा कोणत्याही कायद्यांत सांपडत नाहीं. ती प्रत्येक घरानें आपली आपण ओढावयाची असते.

तेव्हांपासून दर महिन्याच्या ५ तारखेला सूनबाई बिलाप्रमाणें निघेल तो वांटा दादांच्या खात्यांत भरते. दादा शिक्षणविभागांत कारकुनी करून निवृत्त झालेले. अर्धवट काम त्यांना खपत नाहीं. ते बिलाची प्रत काढतात, तिच्याखालीं युनिटांचा हिशेब मांडतात आणि आपल्या वळणदार अक्षरांत पावती लिहितात : "घरच्या वीजखर्चापैकीं व्यवसायाचा वांटा पावला." त्या पावत्यांची एक नस्ती झाली आहे. लेखापालांनीं ती पाहून, इतका नीटस पुरावा क्वचित् पाहण्यांत येतो, असा शेरा मारला, तो दादांनीं आल्यागेल्यास सांगितला.

याहून मोठा फरक मला दुसराच दिसला. पूर्वीं पूर्वेकडच्या खोलीचें दार कोणीही, केव्हांही उघडीत असे. दूध आलें, सूनबाईला हांक. इस्त्रीवाला आला, सूनबाईला हांक. ती घरींच आहे, म्हणजे मोकळीच आहे, असा सर्वांचा समज. महिना ६०० रुपयांचा वांटा वहींत पडूं लागल्यावर त्या दारावर टकटक होऊं लागली. वेतन घेऊन बाहेर जाणाऱ्याचें काम आपल्याला दिसतें. घरांत बसून केलेलें काम, विशेषतः तें स्त्रीनें केलेलें असेल तर, दिसावयाला त्याच्या नांवाची एक ओळ जमाखर्चांत लागते, हें शोचनीय असलें तरी खरें आहे.

ही ओळ पाहून वहिनींनीं एके दिवशीं विचारलें, "भाऊजी, तिच्या खोलीच्या दिव्याचा हिशेब झाला. माझ्या स्वयंपाकघरांत पहांटे पांचाला दिवा लागतो, तो कोणत्या वहींत लिहायचा?" त्या हंसत होत्या, पण प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. कायद्याच्या भाषेंत तो दिवा खासगी; त्याला वजावट नाहीं, पावती नाहीं, नस्ती नाहीं. परंतु नकाशे काढणारी सून आठ तास निर्वेधपणें बसते, ती त्या पहांटेच्या दिव्याच्या जिवावर. तिच्या वहींतल्या प्रत्येक ओळीखालीं ही एक न लिहिलेली ओळ आहे.

वहिनींना मीं उत्तर दिलें नाहीं, सूनबाईनें दिलें. तिनें आपल्या कामाचे तास अर्ध्या घटकेनें पुढें ढकलले आणि पहांटेचा चहा आपल्याकडे घेतला. ज्याचा हिशेब वहींत मांडतां येतो, तो चोख मांडावा. मग ज्याचा मांडतां येत नाहीं त्याची जाणीव ठेवायला मन मोकळें राहतें.